भारनियमनातला हुंकार

आळेफाट्याला नाशिकचा रस्ता आणि नगर-कल्याणचा रस्ता एकमेकांना छेदून जातात. त्या चौकातून नगरच्या अंगाला थोडे पुढे गेले, की रसवंती आणि टायरवाल्याचे दुकान यांच्या मधोमध पत्र्याची एक अरुंद शेड होती. दारात विहिरींवरून आलेल्या जळक्या मोटारी मांडलेल्या असत. प्रत्येकीच्या अंगावर खडूने मालकाचे नाव आणि गाव. आत तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशचा उग्र वास आणि छताला एक जुना पंखा. या दुकानाचा धनी हौशीराम, राहणारा पिंपरी पेंढारचा. त्याने तार भरलेली मोटार दोन-तीन उन्हाळे तरी विहिरीबाहेर काढावी लागत नाही, असा त्याचा जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत लौकिक होता.

तथापि, या गुणी मनुष्याच्या वाणीत जन्मापासून दोष होता. शब्द ओठांपर्यंत येई आणि तेथेच अडून बसे. मान ताठ होई, डोळे मिटत, आणि समोरचा माणूस ओशाळून भलतीकडे पाहू लागे. गिऱ्हाइके मनाने वाईट नव्हती, पण थट्टा सोडत नसत.

"हौशीरामला काय इचारू नका राव," शेजारचा टायरवाला बाजीराव म्हणे. "त्यो तोंड उघडंपर्यंत नाशिकची गाडी नाशकात पोचती."

हौशीरामही हसे. मग त्याची पत्नी शीला पुढे होई आणि त्याच्या वतीने बोले. लग्न झाल्यापासून नवऱ्याची जीभ तीच होती. त्याने तिला नावाने हाक मारल्याचे कोणी ऐकले नव्हते. श हे अक्षर त्याच्या वाटेतला सर्वांत मोठा धोंडा होता.

२००६ सालच्या उन्हाळ्यात या दुकानाचा टेलिफोन बंद पडला आणि तो पाहण्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमधून प्रबुद्ध आला. हा पिंपरी पेंढारमधलाच, बुद्धविहाराच्या मागच्या घरातला. त्याचे दिवंगत वडील धर्माजी यांनी त्याला एकच शिकवण दिली होती, की जे तपासून पाहता येत नाही ते मानू नये. प्रबुद्धने ती शिकवण तारांच्या व्यवसायात जन्मभर पाळली होती. लाइनमध्ये खरखर असेल, तर कोठेतरी गंज असतो. गंज सापडेपर्यंत खांबावर चढायचे. यापलीकडे जगात काही रहस्य आहे, असे त्याला वाटत नसे.

ती भर दुपारची वेळ होती आणि लोडशेडिंग सुरू होते. त्या काळी आमच्या भागात वीज जाण्याची वेळ विजेच्या येण्यापेक्षा पक्की असे. गिरणी, वेल्डिंगची दुकाने, शेतांवरच्या मोटारी असे सारे एकदम थांबे आणि कानांवरून घोंगडी काढल्यासारखी शांतता पसरे. शेडचे दार लोटलेले होते. आतून बोलण्याचा आवाज येत होता. भरदार, सावकाश, आपल्याच गावाकडचा आवाज. प्रबुद्धला वाटले, रेडिओ लागला असावा. हात दारावर ठेवून तो ऐकत राहिला.

"पारगावच्या सरूबाईची मोटार पुन्हा जळून आली, तवा मी म्हणलं, खोट मोटारीत न्हाई, जाऊन विहीर बघू. गेलो. तर बाई पाइपाला कान लावून बसलेली. म्हणली, बाबा, पाणी यायच्या आधी आवाज येतो, आन् त्यो आवाज ऐकल्याबिगर मला करमत न्हाई. घरात दुसरं कुणी व्हतं कुठं? म्हणून विहिरीत पाणी नसताना बी बाई बटन दाबायची. नुस्ता आवाज ऐकायला. आता अशा माणसाला मोटारीचं शास्त्र कुणी सांगावं?"

प्रबुद्धने दार ढकलले. आत रेडिओ नव्हता. हौशीराम एकटाच खाली पोत्यावर बसला होता, डोळे मिटून, मांडीवर एक जुनाट टेपरेकॉर्डर घेऊन. दाराचा आवाज होताच त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणी त्याची मान ताठ झाली.

"फ... फ... फोन," तो म्हणाला, आणि पुढे काही म्हणू शकला नाही.

प्रबुद्धने चहा सांगितला आणि टेलिफोनचा गंज शोधता शोधता सारे हळूहळू काढून घेतले. मुलगी आरती शाळेत असताना इंग्रजीसाठी आणलेला हा टेपरेकॉर्डर. ती दहावीला गेली आणि तो अडगळीत पडला. १९९७ च्या सुमारास एका रिकाम्या दुपारी हौशीरामने सहज त्यात बोलून पाहिले, आणि शब्द अडला नाही. तेव्हापासून भारनियमनाच्या वेळी तो सेलवर टेप चालवतो आणि मोटारींच्या, विहिरींच्या, पाण्यावाचूनच्या माणसांच्या गोष्टी सांगतो. कॅसेटींनी दोन खोकी भरली होती. त्या कोणी ऐकलेल्या नव्हत्या. तो स्वतःही ऐकत नसे. आपला आवाज ऐकायची त्याला लाज वाटे.

"मग करता कशाला भाऊ?" प्रबुद्धने विचारले.

उत्तर यायला चहा निवावा लागला. पण ते उत्तर प्रबुद्धला पुढे जन्मभर पुरले. मोटार बांधून दिली की ती पाण्याखाली जाते, असे हौशीराम म्हणाला. पुन्हा दिसत नाही. ती चालू आहे हे कुणी सांगावे लागत नाही. कुठेतरी लांब, वाफ्यात पाणी येते.

प्रबुद्धच्या घरी नुकताच संगणक आला होता, ब्रॉडबँडही होते. त्याने दोन कॅसेटी मागून नेल्या आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या आरतीला फोन लावला. आरती हसली, मग रडली, मग म्हणाली, "काका, याला पॉडकास्ट म्हणतात. हौस म्हणून लोक करतात. कुणाची परवानगी लागत नाही." इंटरनेटवर एका परदेशी कंपनीने फुकट जागा देऊ केली होती. तेथे तिने 'मोटारवाल्याच्या गोष्टी' या नावाचे एक पान उघडून दिले. दर आठवड्याला हौशीरामने बोलावे, प्रबुद्धने ते स्वच्छ करून चढवावे, असे ठरले.

हौशीरामने त्या कामी जी निष्ठा लावली, तिला तोड नव्हती. दुपार व्हायच्या आत तो शेड झाडून घेई. पत्र्याला आतून पोती टांगी, घड्याळावर टॉवेल टाकी. पैसा नाही, मानपत्र नाही, कोणी ऐकते की नाही याचा पत्ता नाही. तरी मोटारीची तार भरताना जसा एकही वेढा तो सैल सोडत नसे, तसा वाक्याचाही सोडत नसे. टिंगल करणारा बाजीरावसुद्धा वीज गेली की मुकाट्याने उठून रसवंतीच्या हातचरकाच्या घुंगरांना फडके बांधून येऊ लागला. "हौशीराम बोलायला बसलाय," एवढेच तो गिऱ्हाइकांना सांगे.

आणि ऐकणारे निघाले. पहिला फोन मस्कतहून आला. आंबेगाव तालुक्यातला एक मनुष्य तिकडे ट्रक चालवीत होता. त्याने दुकानाचा नंबर मिळवला होता. नंतर नाशिकहून, सुरतेहून. फोन शीला घेई आणि निरोप सांगताना तिचा चेहरा उजळलेला असे. हळूहळू दुसराही एक फरक दिसू लागला. हौशीराम गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलू लागला. अडखळत, पण बोलू लागला. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्याने माळ्यावरून खाली पाहत म्हटले, "शीला, पक्कड दे." शीला पक्कड हातात धरून तशीच उभी राहिली. हे तिने प्रबुद्धला सांगितले तेव्हा ती पदराने उगाचच काउंटर पुशीत होती.

ते चमत्कारिक प्रकरण प्रथम ध्यानात आले ते त्याच सुमारास.

प्रबुद्ध एक कॅसेट संगणकात घेत होता. हेडफोनमध्ये हौशीराम एका वाक्याच्या अखेरीस थांबला, आणि त्या विरामात कोणीतरी हळूच म्हणाले, "हं."

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकले. हं. पुढच्या विरामात पुन्हा. अगदी योग्य जागी, घाई न करता.

प्रबुद्धची आई बनाबाई दाराशी लसूण सोलीत बसली होती. त्याने तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने थोडा वेळ ऐकले आणि काढून दिला.

"हुंकार देतंय कुणीतरी," ती म्हणाली. "त्यात काय? गोष्ट सांगायची म्हणल्यावर हुंकार लागतोच. आमच्या लहानपणी हुंकार द्यायला माणूस नसला, तर म्हातारे गोष्ट सुरूच करत नव्हते. भिताडाला का सांगायची?"

"पण तिथं कुणी नसतं, आई. ते एकटेच बसतात."

"असल एखादी बाई मागं."

"बाई? आवाज पुरुषाचा आहे."

बनाबाईने त्याच्याकडे पाहिले. "बाईमाणूस हाय, बाबा. पोक्त," ती म्हणाली आणि लसूण सोलू लागली.

प्रबुद्धने हे म्हातारपणाच्या कानांवर सोडले आणि तो गंज शोधू लागला. कॅसेटची फीत गुंडाळलेली असताना एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, हे त्याला ठाऊक होते. परंतु असा उमटलेला आवाज बोलणाऱ्याचाच असतो, दुसऱ्याचा नव्हे. मग त्याने शेडची भिंत वाजवून पाहिली, पोती दुप्पट केली. अखेर पुण्याहून फीत नसलेला, खिशात मावणारा रेकॉर्डर मागवला. हौशीरामला त्याने कारण सांगितले नाही. या माणसाच्या तोंडी इतक्या वर्षांनी आलेला शब्द भीतीने मागे फिरेल, एवढीच त्याला चिंता होती.

नव्या यंत्रावरही हुंकार होता. पूर्वीपेक्षा स्पष्ट.

तेव्हा तो स्वतः जाऊन बसला. एका दुपारी, हौशीरामची संमती घेऊन, तोंडावर रुमाल धरून तो शेडच्या कोपऱ्यात बसून राहिला. हौशीरामने डोळे मिटले आणि आणे पठारावरच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. एकाच विहिरीवर दोघांचे दोन स्टार्टर आणि दोन कुलुपे. तो थांबे तेव्हा शेडमध्ये उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या कडकडीखेरीज काही ऐकू येत नसे. प्रबुद्ध कान देऊन होता. काहीही नव्हते.

घरी येऊन त्याने यंत्र लावले. पत्र्याची कडकड होती. त्याच्या स्वतःच्या शर्टाची सळसळही होती. आणि प्रत्येक विरामात तो हुंकार होता. जवळ होता. हौशीराम यंत्रापासून हातभर लांब बसत असे. हुंकार त्याच्याही अलीकडून येत होता.

त्यानंतर फोन येऊ लागले ते गोष्टींबद्दल नव्हते. मस्कतच्या मनुष्याने शीलाला विचारले, की मागून हुंकार देणारी म्हातारी कोण? माझी आई अशीच हुंकार द्यायची, असे तो म्हणाला. नाशिकच्या बाईंनी विचारले, ते पोर कोणाचे? इतके लहान पोर शेवटपर्यंत जागे कसे राहते? शीला बुचकळ्यात पडली. तिने प्रबुद्धला विचारले, आणि प्रबुद्ध म्हणाला, "मशीनचा दोष आहे वहिनी. काढून टाकतो."

त्याने खरोखरच काढून टाकला. एका रविवारी बसून त्याने एकेक हुंकार पडद्यावर शोधला, माउसने धरला आणि कापला. जुने, नवे, चढवलेले सारे भाग उतरवून त्याने स्वच्छ केलेले भाग त्या जागी ठेवले. मूळ प्रती सीडीवर राहू दिल्या. संध्याकाळ होता होता काम संपले. हौशीरामचा आवाज आता निर्मळ, एकटा वाटत होता. प्रबुद्धला आपल्या कामाचे समाधान वाटले.

सोमवारी दुपारी वीज गेली. बाजीरावने घुंगरांना फडके बांधले. हौशीराम पोत्यावर बसला, त्याने डोळे मिटले, यंत्राचे बटन दाबले, आणि त्याचा शब्द अडला.

पहिल्या दिवशी त्याने ते उन्हावर ढकलले. नंतर आठवडा गेला. दुसरा गेला. अडखळणेही राहिले नाही, ओठच हलेनात. गिऱ्हाईक आले की तो मोटारीकडे बोट दाखवी. जेवताना भाकरी हवी असली तर ताटाची कड वाजवी. पूर्वी जे थोडेबहुत होते तेही गेले. आरती पुण्याहून आली, डॉक्टरांना दाखवून परत गेली. डॉक्टरांना घशात काही सापडले नाही. दुपारी मात्र हौशीराम न चुकता शेड झाडी, पोती टांगी आणि यंत्रासमोर बसून राही. वीज आली की उठे.

शीला एके दिवशी थेट एक्स्चेंजच्या फाटकात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

"भाऊ, मस्कतवाल्यांचा फोन आलता," ती म्हणाली. "म्हणले, हुंकार का बंद केला? आता ऐकवत न्हाई. एखाद्याला कोंडून घातल्यावानी वाटतंय, म्हणले."

प्रबुद्ध फाटकाबाहेर आला.

"कवा काढला तुमी त्यो?"

"रविवारी. त्या... त्याच रविवारी."

"त्यांना सांगितलं व्हतं?"

"नाही वहिनी. आणि ते ऐकत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांना कळण्याचा मार्गच नाही. त्याचा याच्याशी संबंध लावणं म्हणजे—"

"मला शास्त्र नका सांगू," शीला म्हणाली. "मी सव्वीस वर्सं त्यांच्या जागी बोलले. मला कटाळा आला न्हवता. पन यंदा त्यांनी मला नावानं हाक मारली. ती मला परत पायजे. तुमचं मशीन बिघडलेलं असू द्या."

प्रबुद्धने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. घरी जाताना त्याला वडिलांची आठवण झाली. तपासून पाहावे, हीच ती शिकवण. ठीक आहे, तपासून पाहू. त्याने मूळ प्रती काढल्या आणि स्वच्छ भाग काढून टाकून ते सारे, हुंकारांसकट, पुन्हा होते तेथे ठेवले. शेवटचा भाग चढला तसा तो मोटारसायकलवर बसला आणि आळेफाट्याला निघाला. कोणाला फोन केला नाही, कोणाशी बोलला नाही. हा प्रयोग होता आणि प्रयोग नीट व्हायला हवा होता.

रसवंतीचा चरक थांबलेला होता. बाजीराव टायरच्या चळतीवर बसून होता. प्रबुद्धला पाहताच त्याने ओठांवर बोट ठेवले. शीला शेडच्या बाहेर, लोटलेल्या दाराला पाठ लावून बसली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

आतून आवाज येत होता. भरदार, सावकाश.

"...तर मंडळी, इतके दिवस पाण्याची पाळी दुसऱ्याकडं व्हती. आज आपली आली."

त्या संध्याकाळी प्रबुद्धने हौशीरामला सारे सांगितले. हुंकार, कापणे, परत ठेवणे. हौशीरामने तार गुंडाळीत ऐकून घेतले. त्याला आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"म... मला ऐकू येत न्हाई त्यो," तो म्हणाला. "पन... कुठं थांबायचं, ते कळतं."

"भीती नाही वाटत?"

हौशीरामने मान हलवली. "ऐकनाऱ्याची क... कसली भीती?"

प्रबुद्धने पुढे त्या विषयाला हात लावला नाही. त्याला उत्तर सापडले नव्हते, पण त्या शेडमध्ये दर दुपारी जे घडत होते, त्याबद्दल त्याच्या मनात शंकेपेक्षा आदर अधिक साठला होता. एक मनुष्य स्वतःच्या हौसेने, कोणी न सांगता, अंधारात दोर सोडल्यासारखा शब्द सोडतो आणि पलीकडून कोणीतरी तो धरते. कोण धरते, हे आपण विचारू नये, असे प्रबुद्धला वाटू लागले. वर्षभर सारे सुरळीत चालले. हौशीराम बोलत होता. यंत्रापुढे अस्खलित, माणसांपुढे थोडा अडखळत. शीलाला दिवसातून दोन-चारदा तरी हाक येई.

आणि मग, २००८ च्या उन्हाळ्यात, त्या परदेशी कंपनीचे इंग्रजी पत्र संगणकावर आले. फुकट जागा देण्याची योजना ती बंद करीत होती.

प्रबुद्धने ते दोनदा वाचले. महिनाअखेर ते पान नाहीसे झाले. त्या जागी एक पांढरा चौकोन आला. गोष्टी नाहीत, ऐकणारे नाहीत. आरतीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "दुसरी जागा शोधते काका, पण वेळ लागेल. तोपर्यंत आमच्या नानांना सांगू नका. मागच्यासारखं झालं तर?"

मागच्यासारखे झाले तर, हा विचार प्रबुद्धच्या डोक्यातून जाईना. त्या वेळी केवळ हुंकार कापले होते. आता तर सारेच कापले गेले होते. सोमवारी दुपारी तो काहीतरी निमित्त काढून आळेफाट्याला गेला आणि टायरवाल्याच्या दुकानात बसून राहिला. वीज गेली. घुंगरांना फडके बांधले गेले. शेडचे दार लोटले गेले. बाजीरावने चहा पुढे केला, तो प्रबुद्धच्या हातात तसाच राहिला.

आणि आतून आवाज सुरू झाला. अडला नाही. उलट त्या दिवशी हौशीराम नेहमीपेक्षा मोकळा बोलत होता, एखादा मनुष्य मोठ्या बैठकीपुढे जरा आवाज चढवून बोलतो, तसा.

वीज आली. हौशीराम बाहेर आला, घाम पुसला, आणि रेकॉर्डर प्रबुद्धच्या हाती दिला. "आज ल... लई रंगलं," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. प्रबुद्धने रेकॉर्डर खिशात घातला. हे आता कोठेच जाणार नाही, हे सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

घरी कोणी नव्हते. बनाबाई कांद्याच्या काढणीवर गेली होती. बाहेर ऊन लख्ख होते आणि विहाराच्या कट्ट्यावर कोणीतरी गहू वाळत घातले होते. कोणी नाही तर निदान आपण तरी पूर्ण ऐकावे, एवढाच हेतू मनात धरून प्रबुद्धने रेकॉर्डर संगणकाला जोडला आणि हेडफोन कानांना लावले.

हौशीराम एका विहिरीची गोष्ट सांगत होता. काळ्या पाषाणात खणलेली, तळ न लागलेली विहीर. पहिले वाक्य संपले. तो थांबला.

तेथे एक हुंकार यायला हवा होता.

आले ते अनेक.

एखाद्या मोठ्या अंगणात जेवणे उरकून माणसे दाटीवाटीने बसलेली असावीत, तसे. म्हाताऱ्यांचे खोल हुंकार. बायकांचे, त्यांत बांगड्यांची किणकीण. कोणी तोंडातली तंबाखू सांभाळीत "हं" म्हणाले. कोणाच्या तरी मांडीवरचे पोर सर्वांच्या मागून, उशिरा म्हणाले.

प्रबुद्धने आवाज कमी केला.

दुसरे वाक्य. दुसरा विराम. पुन्हा सारे. या वेळी थोडे अधिक.

त्या शेडमध्ये चार माणसे नीट बसायला जागा नव्हती.

"खाली वाकून बगितलं, तर काय दिसंना," हौशीराम म्हणत होता. "म्हणून मी काठावर पालथा पडलो. आन् विहिरीत हाक मारली."

तो थांबला.

सर्वांनी हुंकार दिला. तो विरत गेला आणि शांत झाले.

हौशीराम पुढे बोलला नाही.

प्रबुद्धला वाटले, ध्वनिमुद्रण संपले असावे. पण पडद्यावरची रेघ चालू होती. सपाट, सरळ, पुढे सरकत होती. हेडफोनमध्ये पत्रा उन्हाने कडकडला. कोणीतरी बैठक बदलली. कोणीतरी पोराला गप्प केले. सारी बैठक वाट पाहत होती.

प्रबुद्ध हलला नाही. त्याने दात घट्ट मिटून घेतले. रेघ किती वेळ अशी सरकते, ते त्याला तपासून पाहायचे होते.

रेघ सरकत राहिली. विहारापुढच्या गव्हावरून सावली हलली. दाटीतल्या कोणीतरी, बहुधा एका म्हाताऱ्या बाईने, समजुतीने नाकातून श्वास सोडला.

अखेर त्याचा घसा आपोआप हलला.

"हं," प्रबुद्ध म्हणाला.

हौशीरामने श्वास घेतला.

"तर..." तो म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.